कुंचल्याचं टोक

चकतीताईला किळस येत नसे असं नाही. ती किळस गिळायला शिकली होती. अठरा वर्षं तिचं काम एकच. माणसाच्या अंगातून काढलेल्या गाठीचा गोठवलेला तुकडा थंड पेटीत बसवायचा, पात्यावर त्याचे काप काढायचे आणि एकेक काप काचेच्या पट्टीवर उतरवायचा. काप इतका पातळ, की असे सात-आठ एकावर एक ठेवले तर कुठे एका केसाची जाडी भरावी. या कापांना सगळे चकत्या म्हणत, म्हणून ती चकतीताई. खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं.

पहिल्या वर्षी ती दुपारचा डबा न उघडताच घरी परत नेई. तुकडा पेटीबाहेर राहिला आणि वितळला की त्याला एक गोडसर, शिळा वास सुटायचा. तो वास नखांत बसायचा, केसांत बसायचा.

"अगं, मांसाची कसली किळस करतेस," मशीनवाल्या काकू तेव्हा तिला म्हणाल्या होत्या. "मांस बिचारं बोलत नाही, चालत नाही. बोलणाऱ्या-चालणाऱ्यांसाठी थोडी शिल्लक ठेव."

काकू पलीकडच्या खोलीतलं मोठं यंत्र चालवत. ते यंत्र काय करतं हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही, आणि ते काही फार अवघड नाही. चकतीताईच्या सासऱ्यांनी एकदा विचारलं होतं, तेव्हा तिनं त्यांना त्यांच्याच धंद्यातून समजावलं होतं. सासरे जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. गल्लीत त्यांना पाटीवाले बाबा म्हणत.

"बाबा, समजा तुमचे डोळे बांधले आणि रंगवलेली पाटी पुढ्यात ठेवली," ती म्हणाली होती. "काय लिहिलंय ते कसं ओळखाल? एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. तिळाएवढी जागा खरवडायची आणि निघालेला रंग काट्यावर टाकायचा. लाल रंगाचं वजन वेगळं, निळ्याचं वेगळं. वजनावरून कळलं की इथे लाल होता, तर कागदावर त्याच जागी लाल ठिपका द्यायचा. मग शेजारची तिळाएवढी जागा. असे हजारो ठिपके झाले की डोळे न उघडता पाटी वाचता येते."

"आणि तुमचं यंत्र काय खरवडतं?"

"कापावर आम्ही एक फवारा मारतो. तो वाळला की साखरेसारखे बारीक कण बसतात. यंत्र त्या कणांना प्रकाशाची टिचकी मारतं. मग त्या जागची प्रथिनं उडतात आणि एका नळीतून पळतात. हलकी आधी पोचतात, जड मागून. पोचायला लागलेल्या वेळेवरून वजन कळतं."

"म्हणजे शर्यत लावता."

"शर्यतच."

"आणि जिंकणाऱ्याला काय?"

"जिंकणाऱ्याला काही नाही. पण कुठलं प्रथिन कुठे होतं, त्याचं चित्र मिळतं. त्यावरून कुठली गाठ गरीब आणि कुठली माजलेली ते ओळखता येईल, अशी आशा असते."

ही आशा मोठ्या सरांनी खरी करून दाखवली, असं सगळे म्हणत. मोठे सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. तीन वर्षांपूर्वी त्यांनी पायात वाढणाऱ्या गाठींचे जुने, साठवलेले चाळीस तुकडे बाहेर काढले. त्या चाळीस माणसांचं पुढे काय झालं हे माहीत होतं. ज्यांची गाठ काढूनही पुन्हा उलटली होती, त्यांच्या कापाच्या काठाने चित्रात एक लाल रेघ उमटली, बांगडीसारखी गोल. त्या रेघेतल्या प्रथिनाचं वजन, यंत्राच्या मापात, तीन हजार चारशे बेचाळीस. ज्यांची गाठ उलटली नव्हती, त्यांच्या कापाला ती बहुतेक नव्हतीच. प्रथिन ओळखीचं निघालं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं ते हत्यार. जिथे झुंज, तिथे ते सापडतं. मोठे सर म्हणाले, गाठ कुंपण ओलांडायला निघाली आहे आणि शरीर काठावर उभं राहून तिच्याशी लढतं आहे, त्याची ही खूण. ऐकणाऱ्याला पटायचं. त्या रेघेला 'मोठ्या सरांचं कडं' असं नाव पडलं. व्हरांड्यात तिचा मोठा फोटो लागला, काचेच्या चौकटीत, लाल भडक.

दोन महिन्यांपासून शेजारच्या इस्पितळातले सर्जन या कड्यावरून निर्णय घेऊ लागले होते. रोग्याची संमती घेऊन, सही घेऊन. कडं नसेल तर फक्त गाठ काढायची. कडं असेल तर पाय.

सहा तुकडे तपासून झाले होते. सहांत एकाला कडं निघालं. तीन नंबर, एक बस चालवणारी बाई. तिचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला. ब्रेकवर असतो तो पाय.

सातवा तुकडा आला तेव्हा चकतीताईनं चिठ्ठी वाचली. 'डावी मांडी, पुरुष, वय एकाहत्तर.' नाव नव्हतंच, पण नावाची गरज नव्हती. आठ दिवसांपूर्वी बाबांच्या मांडीतून सुईनं तो तुकडा काढला, तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसली होती.

"सर, हा माझ्या सासऱ्यांचा आहे," ती सरळ म्हणाली. "मी याला हात लावणार नाही."

"बरोबर," मोठे सर म्हणाले. "तसंही चरबीचा आहे, तुझ्याच्यानं व्हायचा नाही. सर उठा, पेटीवर बसा." ते स्वतःलाच सर म्हणत. विनोद म्हणून सुरू झालं होतं. आता कुणी हसत नसे.

चरबीचा तुकडा थंडीतही नीट गोठत नाही. पात्यावर त्याचा काप गुंडाळतो, सुरकुततो, चिकटतो. माजलेल्या गाठीही आतून कुजून पिचपिचीत झालेल्या असतात, त्यांचंही तेच. असे अवघड तुकडे पहिल्यापासून मोठे सर स्वतः कापत आणि सोपे चकतीताईकडे येत. एकदा त्यांच्या गैरहजेरीत तिनं तसा एक पिचपिचीत तुकडा कापला, तर कडं उमटलंच नाही. "तुझा हात जड," सर म्हणाले होते. "अल्कोहोलात फार वेळ बुडवतेस. धुऊन टाकलंस सगळं." दोन वर्षं ती हेच धरून बसली होती, की आपला हात जड आहे.

सातव्या तुकड्याला कडं निघालं. काकूंनी पडद्यावर दाखवलं तेव्हा तिच्या खांद्यावर हात ठेवला. सोमवारी दुपारची गोष्ट. शस्त्रक्रिया गुरुवारी होती.

घरी बाबा ओट्याशेजारी स्टुलावर बसून नातीच्या डब्यावर तिचं नाव घालत होते. नात सहा वर्षांची, नाकावर रंग.

"काय म्हणतंय तुमचं यंत्र?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"कडं आहे, बाबा."

त्यांनी हातातलं अक्षर पुरं केलं. मग म्हणाले, "डावा ना? बरं झालं. शिडीवर चढताना मी उजवा आधी टाकतो." त्यांनी कुंचला फडक्याला पुसला. "पण दुसरा टाकायला लागतोच म्हणा."

"अजून दोन दिवस आहेत."

"दोन दिवसांत काय पाय वेगळा उगवणार आहे? पोरी, जेवून घे."

ती जेवायला बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. बाबांनी कुंचला रंगात बुडवण्याआधी ओठांत धरला, फिरवला आणि बाहेर काढला. केस जुळून टोक सुईसारखं झालं. साठ वर्षांची खोड. त्यावरून सासू हयात असताना रोज भांडायची आणि सासू गेल्यावर ते काम सुनेकडे आलं होतं.

"बाबा, तोंडात नका घालू. विष असतं रंगात."

"विष असतं तर माझं नाव केव्हाच स्मशानाच्या पाटीवर गेलं असतं."

आणि तेवढ्यात नातीनं दुसरा कुंचला उचलला, गंभीर चेहऱ्यानं ओठांत घातला, आजोबांसारखाच फिरवला आणि बाहेर काढला. तिच्या ओठाला निळं लागलं.

"शी," चकतीताई ओरडली. "थुंक आधी. आजोबा करतात म्हणून आपण करायचं का?"

तिचं वाक्य तिथेच थांबलं. तिच्या डोळ्यांपुढे दुसरा कुंचला आला होता. लाकडी दांड्याचा, दांड्यावर दातांच्या खुणा असलेला, थंड पेटीशेजारच्या पेल्यात कायम उभा असणारा.

मोठे सर काप सरळ करायला कुंचला वापरत. सगळेच वापरतात. पण सरांची युक्ती निराळी होती. तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढायची, कुंचला ओठांत फिरवून टोक काढायचं आणि पेटीतल्या गारठ्यात क्षणभर धरायचं. ओलं टोक गोठून सुई होते. त्या सुईनं कापाचा काठ दाबून धरायचा, एक जागा झाली की पुढची, असा सगळा काठ फिरून यायचा. कितीही हट्टी काप असो, गुंडाळायची बिशाद नाही. काप काचेवर उतरला की टोकाचं बर्फही वितळायचं, जिथल्या तिथे, काठाने. मग कुंचला पुन्हा ओठांत.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चकतीताई स्वच्छतागृहात जाऊन ओकली होती. नुकताच कुणाच्या तरी गाठीला लागलेला कुंचला तोंडात. पण सर मोठे, आपण काल आलेले. दुसऱ्यांदा पाहिलं, दहाव्यांदा पाहिलं. मग दिसेनासं झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे तर दिव्यासमोरच सगळ्यांनी डोळे मिटले होते.

तिनं नातीचं तोंड धुतलं, चूळ भरायला लावली आणि स्वतः बेसिनपाशी तशीच उभी राहिली. थुंकीत पांढऱ्या पेशी असतात. पांढऱ्या पेशींचं हत्यार थुंकीत असणारच. यासाठी कुठलं यंत्र लागत नव्हतं, शाळेच्या पुस्तकाएवढी अक्कल पुरत होती. आणि तीन वर्षं व्हरांड्यात काचेच्या चौकटीत काय लावलं होतं, तर थुंकी. ती आपल्या सासऱ्यांच्या पायाचा विचार करत होती असं कुणी म्हटलं असतं तर ते खरं होतं, पण त्या क्षणी तिला आधी दिसली ती बस चालवणारी बाई.

पर्समध्ये नेहमी असायची तशी कोऱ्या काचपट्ट्यांची बंद डबी होती. तिनं ती काढली आणि साबणानं हात दोनदा धुतले.

"बाबा, एक काम आहे. नवा कुंचला घ्या, रंगाचा नको. या काचेवर वरच्या बाजूला एक अक्षर काढायचं. नखाएवढं."

"रंग कुठला?"

"रंग नाही. तुमची थुंकी."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं कुंचला तोंडात घालू नका म्हणून जीव खाल्लास."

"आज घाला."

"अक्षर कुठलं?"

"अ काढा आजोबा," नात म्हणाली. "मला अ चा पोट नीट येत नाही. बघून शिकते."

"चं पोट," बाबांनी दुरुस्त केलं. मग त्यांनी कुंचला ओठांतून फिरवला आणि काचेवर अ काढला. वेलांटीशिवायचं, काना-मात्रेशिवायचं, नुसतं उभं अ, पण पाटीवाल्याच्या हाताचं. वरची वाटी, खालची वाटी, मधली रेघ जिथे जाड व्हायची तिथे जाड. दिव्यापुढे धरलं तर दवासारखं दिसलं आणि वाळलं तसं नाहीसं झालं.

"गेलं," नात हिरमुसली.

"गेलं नाही," तिची आई म्हणाली. "लपलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकूंच्या आधी पोचली. त्याच काचेच्या मधल्या भागात तिनं कोऱ्या कुंचल्यानं, नुसत्या शुद्ध पाण्यानं, दुसरं अ काढलं. बरंचसं वाकडं आलं. मग ती थंड पेटीच्या खोलीत गेली. पेल्यातला सरांचा कुंचला चिमट्यानं उचलला. केस पिवळे पडून मुळाशी चिकटले होते, दांडा दातांनी चावून चावून मऊ झाला होता. कितीतरी माणसांच्या गाठी या केसांनी चाटल्या होत्या आणि मग एका तोंडात गेल्या होत्या, आणि तिथून पुढच्या गाठीवर. तिनं श्वास रोखला. कुंचल्यावर एक थेंब पाणी सोडून काचेच्या तळाशी एक ठिपका टेकवला आणि कुंचला होता तसा परत ठेवला. हात पुन्हा दोनदा धुतले, तरी ते आपले वाटेनात.

काकू आल्या. काच बघून म्हणाल्या, "यावर तर काहीच नाही."

"तीन हजार चारशे बेचाळीस बघायचंय."

"कोऱ्या काचेवर?"

चकतीताईनं सांगितलं. काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मलाही दिसायचं गं," त्या हळूच म्हणाल्या. "यंत्राच्या खोलीतून त्यांची पाठ दिसते. पट्टी खाली ओढली की मी पडद्याकडे बघायची. म्हटलं, मोठी माणसं. काहींना तपकीर लागते, यांना हे."

"काकू, त्या बाईचा पाय गेला."

"माहीत आहे. फवारा तू मारतेस की मी मारू?"

फवाऱ्याच्या खोलीत तिखट आंबट वास भरून राहिलेला असे. त्या दिवशी तिला तो बरा वाटला. निदान स्वच्छ होता. काच यंत्रात गेली. टिचकी, शर्यत, ठिपका. टिचकी, शर्यत, ठिपका. दोघी खुर्च्या ओढून बसल्या. पडदा वरून खाली भरत गेला, ओळीमागून ओळ. काकूंनी मध्येच नाकाला पदर लावला, जणू वास येत होता.

बुधवारी दुपारी सर्जन चित्रं बघायला आले. हे नेहमीचं होतं. दर बुधवारी ते पडद्याच्या खोलीत बसत आणि मोठे सर काठीनं दाखवत. सर्जन कमी बोलणारे, घड्याळ बघणारे गृहस्थ होते.

"सात नंबर," मोठे सर म्हणाले. पडद्यावर काप आला आणि त्याभोवती लाल कडं. "इतकं स्वच्छ कडं मीही क्वचित पाहिलंय. सूक्ष्मदर्शकात गाठ शांत दिसते म्हणता तुम्ही. दिसू दे. शांत पाणी खोल असतं."

"मग उद्या पायच," सर्जन म्हणाले आणि टिपण करायला पेन उघडलं.

"डॉक्टर, अजून एक चित्र आहे," चकतीताई दारातून म्हणाली.

मोठे सर वळले. "तुकडे सातच आलेत."

"हे आठवं आहे. याच प्रथिनाचं, याच यंत्रावरचं. काकू, लावा."

काकूंनी लावलं. काळ्या पडद्यावर, वरच्या बाजूला, लाल भडक अ उमटलं. वरची वाटी, खालची वाटी, मधली रेघ जिथे जाड व्हायची तिथे जाड. दुकानावर लावावं असं अक्षर. त्याच्याखाली, जिथे तिनं पाण्यानं दुसरं अ काढलं होतं, तिथे काळोख. आणि अगदी तळाशी एक ठिपका, तितकाच लाल.

सर्जननी पेन बंद केलं आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"हा कुठला काप?" सर्जननी शेवटी विचारलं.

"काप नाही. कोरी काच आहे. यावर मांस नाही, गाठ नाही. वरचं अक्षर थुंकीनं काढलंय. मधलं पाण्यानं काढलंय, म्हणून दिसत नाही. खालचा ठिपका सरांच्या कुंचल्याचा."

"माझ्या कुंचल्याला हात लावलास?" मोठे सर म्हणाले.

"चिमट्यानं."

"डॉक्टर, सात नंबर हिचा सासरा आहे," सर म्हणाले. आवाज शांत होता, शिकवतानाचा. "घरच्या माणसाचा पाय म्हटल्यावर माणूस काहीही करतो. मी समजू शकतो. पण हा विज्ञानाचा प्रश्न आहे, भावनेचा नाही."

"आहे सासरा," ती म्हणाली. "म्हणूनच मी त्या तुकड्याला शिवले नाही. तुम्ही कापलात. गेल्या तीन वर्षांत ज्याला ज्याला कडं निघालं तो प्रत्येक तुकडा तुम्ही कापलात. नोंदवहीत आहे. मी कापलेल्या एकालाही नाही. तुम्ही म्हणायचात माझा हात जड. सर, माझा हात कोरडा आहे."

सर्जननी नोंदवही मागितली. काकूंनी ती आधीच टेबलावर ठेवली होती. ते पानं उलटत राहिले, बोट एका रकान्यावरून खाली सरकत राहिलं. मग त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले. "कुणी काढलं?"

"सात नंबरनं."

मोठ्या सरांनी काठी खाली ठेवली. आणि मग त्यांनी जे केलं त्याची चकतीताईला पुढे कितीतरी दिवस शिसारी येत राहिली. ते संतापले असते तर तिला चाललं असतं. ते हसले.

"बरं," ते म्हणाले. "लाळेत हे प्रथिन असतं हे काही नवं नाही. हा धोका मी मांडणारच होतो. चांगली आठवण केलीस. यापुढे कोरडे कुंचले वापरू. सात नंबरचा काप हिनंच पुन्हा काढावा, वाटल्यास. मागचं उकरण्यात अर्थ नाही. कडं खरंही असेल, थोडी भर लाळेची पडली असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, डॉक्टर. तुमचीही आणि माझीही."

आणि बोलता बोलता, टेबलावर पडलेला एक बारीक कुंचला त्यांच्या हातात आला, आणि हात आपोआप ओठांकडे गेला.

सर्जननी तोंड फिरवलं. काकूंच्या घशातून एक आवाज आला. सरांना कळायला जरा उशीर लागला. मग त्यांनी कुंचला खाली ठेवला आणि ओठ रुमालाने पुसले, रुमाल घडी घालून खिशात ठेवला. घडी नीट जुळवली.

"चकतीताई, सात नंबर आत्ता कापता येईल?" सर्जननी विचारलं.

"मी नको. सासरे आहेत. काकू कापतील, तुम्ही समोर उभे राहा."

काकूंनी कितीतरी वर्षांत पात्याला हात लावला नव्हता. पहिले पाच काप गुंडाळले, सहावा फाटला. सातवा काचेवर बसला, सुरकुतलेला, पण पुरा. सर्जन कोट घालून गारठ्यात उभे राहिले आणि त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. संध्याकाळी चित्र आलं. कापाचा आकार दिसत होता, आतली प्रथिनं दिसत होती. काठ काळा.

सर्जन यंत्राच्या खोलीतल्या फोनपाशी गेले आणि त्यांनी वॉर्डला फोन लावला. "उद्याचा सात नंबर. पाय नाही, फक्त गाठ. हो, मीच सांगतोय. रोग्याची सही नव्यानं घ्या." फोन ठेवून ते चकतीताईकडे वळले. "घरी जाऊन सांगा त्यांना. आज झोप लागेल."

ती उठली नाही. बाबांच्या पायाचं ओझं आता उतरलं होतं, तरी. तिला वाटत होतं की खूप मोठ्यानं रडावं, आणि घरी धावत जावं. ती खुर्चीतच बसून राहिली.

"अजून काही?" सर्जननी विचारलं.

"तीन नंबर."

त्यांनी समोरची खुर्ची ओढून घेतली.

"तिच्या तुकड्यातला उरलेला भाग पेटीत आहे," ती म्हणाली. "ती माझी कुणी नाही, तिचा मी कापते. आज रात्र झाली तरी चालेल. पण तिला सांगायला पाहिजे, की आपण पुन्हा बघतोय. आणि का बघतोय."

"काय सांगू मी तिला?" सर्जन म्हणाले. "कुठल्या शब्दांत सांगू?"

"जे आहे ते. एका माणसाला कुंचला चाटायची सवय होती आणि आम्ही सगळ्यांनी ती पाहिली होती."

"तुम्हीही?"

"मीही. अठरा वर्षं."

"आज उशीर झालाय. उद्या शस्त्रक्रिया उरकली की—"

"डॉक्टर, मी बसलेय," चकतीताई म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात पावलं वाजली. मोठे सर घरी निघाले होते. चौकटीतल्या लाल फोटोपाशी पावलं जराशी थांबली आणि पुढे गेली. काकूंनी पाण्याचा पेला भरून सर्जनपुढे ठेवला. त्यांनी पेल्याच्या काठाकडे पाहिलं, पाणी प्यायले नाहीत.

मग त्यांनी डायरी उघडली, पान शोधलं आणि फोन उचलला. चकतीताई आकडे मोजत राहिली. शेवटचा आकडा दाबला गेला, पलीकडे घंटी वाजायला लागली, आणि कुणी बाई "हॅलो" म्हणाली, तेव्हा ती उठली आणि तीन नंबरचा तुकडा आणायला थंड पेटीकडे गेली.